गाडीचाही सातबारा बघा!

उसाचं बिल खात्यावर जमा झालं, की आमच्या शिरूर-दौंड भागात घरोघरी एक विषय हमखास निघतो. ‘जुनी का होईना, एक चारचाकी घेऊन टाकू.’ त्यात चूक काहीच नाही. सासूबाईंना पुण्याला डॉक्टरांकडे न्यायचं असतं, लेकीचं कॉलेज लांब असतं, रात्री-अपरात्री वाडीवस्तीवरून दवाखाना गाठायचा तर शेजाऱ्यापुढे हात जोडावे लागतात. बिलात थोडे पैसे कमी पडतात. मग घरातल्या बाईच्या पाटल्या पतसंस्थेत जातात. त्यानंतर पुरुषमंडळी आणि एजंट गाडी बघायला जातात आणि तिच्या वाट्याला काय येतं? दारात गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि बोनेटवर स्वस्तिक काढायचं!

मैत्रिणींनो, माझं म्हणणं स्पष्ट आहे. पाटल्या जिच्या गेल्या, तिने कागद बघितल्याशिवाय गाडीचा सौदा होऊ नये. ‘तुला गाडीतलं काय कळतं?’ असं कुणी म्हणालंच, तर म्हणावं, जमिनीतलं कळतं ना? मग पुरे! कारण जुनी गाडी घेणं हे जमीन घेण्यासारखंच आहे. सातबारा बघायचा, बोजा बघायचा, फेरफार करून घ्यायचा.

गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. त्यावरचं मालकाचं नाव आणि समोर बसून पैसे मागणाऱ्याचं नाव एकच आहे का, हे आधी बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. ‘एमपरिवहन’ हे सरकारी ॲप मोबाइलवर घेतलं, की गाडीच्या नंबरावरून नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्ज अशी बरीच माहिती समजते. थकलेली ई-चलनंही ऑनलाइन बघता येतात. हे काम आपली दहावीतली मुलगीसुद्धा दहा मिनिटांत करते.

बोजा म्हणजे गाडीवरचं कर्ज. मालक म्हणतो, ‘अहो, हप्ते कधीच फिटले.’ फिटले असतील, पण आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. तो जोडून नोंद उतरल्याशिवाय गाडी मोकळी झाली असं समजू नका.

आणि फेरफार! इथे फार घरं फसतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ठेवायच्या आणि ‘नाव करू सावकाश’ म्हणत दोन-दोन वर्षं गाडी पहिल्याच्या नावावर फिरवायची, ही आपल्याकडची रीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण आलं होतं. मालकाने गाडी विकली, ती पुढे आणखी हात बदलत गेली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. अपघात झाल्यावर भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली. म्हणजे विकणाऱ्याने तर नाव बदलण्यासाठी मागे लागायलाच हवं. घेणाऱ्याचंही तेच. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाकला नाही, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचे पैसे देताना कंपनी हात वर करू शकते. पहिल्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ मात्र आपल्याला मिळत नाही, हप्ता ठरवताना हे ध्यानात असू द्या.

न्हावऱ्याला बचत गटाच्या बैठकीत मी सहज विचारलं, दारातल्या गाडीचं आरसी किती जणींनी बघितलंय? वीस जणींत तीन हात वर आले. त्याच बायकांना गटाच्या वहीतला दहा रुपयांचा फरक झटक्यात सापडतो!

आता गाडीकडे वळू. ‘एवढी मोठी गाडी एवढ्या स्वस्तात!’ असं वाटलं, की ती स्वस्त का, हे विचारा. आपल्याच रांजणगावच्या कारखान्यात फियाटच्या लिनिया, पुंटो बनायच्या. तळेगावला शेवरोलेची बीट बनायची. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, पुढे फियाटच्या गाड्याही बंद झाल्या. गाड्या वाईट होत्या असं नाही. फियाटचं १.३ डिझेल इंजिन स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचं काम करणारा मिस्त्री सापडतो. पण दिवा, बंपर, दाराचं हँडल फुटलं की शोधत फिरावं लागतं. म्हणून सौद्याच्या आधी आपल्या गावच्या गॅरेजवाल्याला विचारा, ‘दादा, हिचे पार्ट मिळतात का?’

तोच गॅरेजवाला सोबत न्या, त्याची मजुरी द्या. एजंटचा मिस्त्री नको. आणि सकाळी लवकर, न कळवता जा. बोनेटवर हात ठेवून बघा. आधीच गरम असेल तर गाडी तुमच्यासाठी चालू करून ठेवली होती, थंड गाडीचं दुखणं लपवायला. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा लगदा दिसला, तर आत पाणी गेल्याची शंका घ्या. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत झालेलं, हे जुळतं का? मीटर मागे फिरवता येतं, झिजलेलं रबर नाही. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी गाड्या पाण्यात बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून कुठल्याही बाजारात येऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, टोकाला मातीची रेघ दिसते का. पायाखालचं कार्पेट उचला, कुबट वास येतो का. कपाटातल्या दमट कपड्यांचा वास आपल्याला कळतो, तोच हा. या परीक्षेत पुरुषांपेक्षा आपण पुढे!

किंमत ठरवताना वय धरा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी घेतलीत, तर २०२७ ला तपासणी, नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट लागलीय का बघा. सीएनजी असेल तर आरसीवर नोंद आणि टाकीच्या तीन वर्षांच्या तपासणीचा दाखला हवा. दौंडच्या उसापासून इथेनॉल होतं याचा आपल्याला अभिमान आहे, पण पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्या त्या हिशेबाने बनलेल्या नाहीत. रबरी नळ्या तपासून घ्या.

शिवाय टायर, बॅटरी, विमा यांसाठी वेगळे पैसे राखून ठेवा. ते उरत नसतील, तर गाडी एक नंबर लहान घ्या.

सगळे पैसे एकदम, रोख देऊ नका. बँकेतून द्या आणि नाव बदलण्याचा अर्ज दाखल होईपर्यंत थोडी रक्कम हातात ठेवा. तो अर्ज भरताना, पाटल्या तुमच्या असतील तर, नव्या मालकाच्या रकान्यात नाव कुणाचं लिहायचं हे एजंटला सांगायला तुम्ही स्वतः तिथे हजर राहा.