ध्रुवावरचा बर्फ आणि विज्ञानाचा वर्ग

पेल्यात बर्फाचे खडे टाकून तो पाण्याने काठोकाठ भरला आणि बर्फ वितळू दिला, तर पाणी सांडेल काय, असा प्रश्न नववीच्या वर्गात विचारला असता सहसा 'सांडेल' असेच उत्तर येते. पाणी सांडत नाही. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूस सारलेले असते. हा आर्किमिडीजचा नियम त्याच वर्गाने मुखोद्गत केलेला असतो. परंतु नियम एका धड्यात आणि बर्फ दुसऱ्या धड्यात राहिल्याने दोहोंची गाठ पडत नाही.

ही चूक पेल्यापुरती राहिली असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. 'ध्रुवांवरील बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी वाढते' हे वाक्य आज शाळांतून सर्रास सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. उत्तर ध्रुवाभोवती गोठलेला समुद्र आहे. तो बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, मात्र शुभ्र बर्फाच्या जागी काळे पाणी उघडे पडून ते अधिक उष्णता शोषते, हे त्याचे खरे संकट. दक्षिणेस भारताच्या चौपटीहून मोठे खंड असून त्यावर सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. हा बर्फ आणि ग्रीनलँडचा बर्फ जमिनीवरचा. तो समुद्रात उतरला की पातळी वाढते. अंटार्क्टिकाचा सगळा बर्फ वितळला तर ही वाढ सुमारे ५८ मीटर होईल, असा हिशेब आहे. हा आकडा ऐकून कोकणातील मुले हबकतात. असे व्हावयास हजारो वर्षे लागतील, तथापि त्याचा अल्पसा अंशही किनाऱ्यावरील गावांना भारी पडेल, ही दोन्ही विधाने एकाच दमात सांगणारा शिक्षक त्यांना हवा आहे. ओझोनच्या थराचे छिद्र आणि पृथ्वीची तापवाढ हे एकच प्रकरण आहे, असा समज तर सुशिक्षितांतही आढळतो.

याचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. ध्रुवप्रदेश भूगोलाचा, वितळणे भौतिकशास्त्राचे, पेंग्विन जीवशास्त्राचे, अशी वाटणी झाली की तो विषय कोणाचाच राहत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण घ्यावे, अशी अपेक्षा ठेवली आहे. अपेक्षा रास्त आहे. पण तास मोजता येतात म्हणून तेच मोजले जातात. पडद्यावर व्याख्यान चालू राहते, अखेरीस प्रमाणपत्र हाती येते आणि सोमवारी वर्गात धडा पूर्वीसारखाच वाचला जातो.

अमेरिकेत २००७ साली, आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षाच्या सुमारास, 'पोलर ट्रेक' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शाळाशिक्षकांना संशोधकांच्या तुकडीबरोबर काही आठवडे आर्क्टिक वा अंटार्क्टिकात पाठविले जाई. शिक्षक तेथून आपल्या विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवीत आणि परतल्यावर त्या अनुभवावर पाठ रचीत. शिक्षक तेथे पाहुणा नव्हता. मोजमापात त्याचा हात होता. आकडा कसा मिळतो, तो कितपत विश्वासार्ह असतो आणि कधी फसतो, हे त्याने पाहिलेले असे. एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही, हे खरे. आणि प्रत्येकाने ध्रुवावर गेलेच पाहिजे असेही नाही.

कारण ध्रुवसंशोधनाचे घर येथे जवळच आहे. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. वास्को येथे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तेथील शीतगृहात ध्रुवावरून आणलेले बर्फाचे दंडगोल जपून ठेवलेले असतात. अशा बर्फात कोंडलेल्या बुडबुड्यांतून पूर्वीची हवा हाती लागते. अंटार्क्टिकाच्या बर्फाने आठ लाख वर्षांचा असा वृत्तांत दिला आहे. त्या संपूर्ण काळात कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सुमारे ३०० भागांच्या वर गेला नव्हता, आज तो ४२० च्या पुढे आहे. असा दंडगोल एकदा पाहिलेला शिक्षक हा आलेख फळ्यावर निराळ्या हाताने काढील.

भारताच्या स्वतःच्या तळांची कथाही उत्तम धडा आहे. 'दक्षिण गंगोत्री' समुद्रावर पसरलेल्या हिमपट्टावर उभारले गेले आणि काही वर्षांतच साचत्या हिमात गाडले जाऊ लागले. १९८९ मध्ये 'मैत्री' खडकावर बांधले गेले. पहिले का बुडाले आणि दुसरे का टिकले, यावर एक तासिका सहज रंगेल, आणि त्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही.

महाराष्ट्र व गोव्यातील विज्ञान आणि भूगोल शिक्षकांची एकत्रित तुकडी दिवाळीच्या सुटीत आठ-दहा दिवस वास्कोस जावी, शास्त्रज्ञांच्या खऱ्या नोंदींवर काम करून तेथेच मराठी व कोकणीत पाठ तयार करावेत, आणि ते तास त्या पन्नासांत धरले जावेत, एवढीच मागणी आहे. केंद्र पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचे आणि शिक्षक राज्यांच्या शिक्षण खात्यांचे, म्हणून पत्रव्यवहार करावा लागेल. तो हिमनदीच्या गतीने न चालता येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी संपावा, आणि प्रवासभत्त्याची तरतूद पहिल्याच पत्रात असावी.