दान की देणे?

संपादकांनी दिवाळी अंकासाठी माझ्याकडे कथा मागितली होती. लिहावयास बसले आणि पहिल्याच पानावर अडले; कारण कथेतल्या बालवाडीच्या बाईंना चार महिन्यांचे मानधन मिळालेले नव्हते, आणि त्या बाई मीच होते. आपले गाऱ्हाणे पात्राच्या तोंडी घालून वाचकांची हळहळ मिळवणे मला प्रशस्त वाटेना. म्हणून कथा बाजूला ठेवली. जे म्हणावयाचे आहे ते सरळच म्हणते.

मी मॅट्रिक झालेली बाई. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून अर्थशास्त्र कळते, असा माझा दावा नाही. पण गेली बावीस वर्षे बालवाडीत शिकवते आहे. शहराचा पैसा सेवाभावी संस्थांपर्यंत कसा पोहोचतो, हे मी नळाच्या शेवटच्या टोकाला घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या जागेवरून पाहिले आहे. त्या जागेवरून पाणीपुरवठ्याचे जे ज्ञान होते, ते मुख्य अभियंत्यालाही होत नाही.

व्यवस्था अशी. महापालिकेच्या शाळेतील एक खोली; त्या खोलीत बालवाडी; बालवाडी चालविणारी एक संस्था; आणि त्या संस्थेला महापालिकेकडून मिळणारी ठरावीक रक्कम. त्यातूनच बाईंचे आणि मदतनिसाचे मानधन भागते. माझ्या शहराचे नाव मी सांगत नाही. सांगितले तर बाकीची शहरे निर्धास्त होतील.

आमची संस्था लहान होती. तिचे चिटणीस निवृत्त कंपोझिटर. जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहीत, पै-पैची पावती दाभणाला ओवून ठेवीत. वस्तीतले कोणते मूल का आले नाही, हे त्यांना हजेरीपटावाचून ठाऊक असे. एके वर्षी महापालिकेने बालवाड्यांसाठी निविदा काढली. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद हवेत, अमुक लाखांची उलाढाल हवी, बयाणा रक्कम हवी, संगणकावर डिजिटल सही हवी. आणि एवढे सगळे जमविणाऱ्यांत ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम. बालवाडी कशी चालते, मुले टिकतात की नाही, हा प्रश्न त्या जाडजूड कागदपत्रांत मला कोठेही आढळला नाही.

काम परगावच्या एका मोठ्या संस्थेला गेले. आता पुढचा चमत्कार पाहा. खोली तीच राहिली. मुले तीच राहिली. फळा तोच, त्यावरची चीरही तीच. नव्या संस्थेला वस्तीत कोणी ओळखत नसल्यामुळे बाई म्हणूनही त्यांनी मलाच बोलावले. दारावरची पाटी तेवढी बदलली, आणि माझे मानधन आठशे रुपयांनी उतरले. सर्वांत कमी दर म्हणजे काय, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. ठेकेदार फरसबंदीचा दर कमी करतो तेव्हा निदान लादी तरी पातळ निघते, ती पायाखाली वाजते आणि लोक ओरडतात. बालवाडीत कमी करण्याजोगे आहेच काय? खोली पालिकेची, खडू खडूच्या भावाने. उरते ती बाई. दर खाली आला की तो तिच्याच ताटातून येतो. आणि ती पायाखाली वाजत नाही.

आपली साहित्य संमेलनेही सार्वजनिक पैशाच्या आधारावर भरतात. त्यांच्यासाठी सर्वांत कमी दराच्या अध्यक्षाची निविदा काढल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

बरे, उतरलेले मानधन तरी वेळेवर मिळावे! संस्था म्हणते, पालिकेचे बिल निघाले नाही. पालिका म्हणते, संस्थेचा वापर-दाखला आला नाही. दाखला येतो तेव्हा लेखाधिकारी रजेवर असतात. ते परततात तेव्हा मार्चअखेर उजाडते. मोठ्या संस्थेला याचे काही नाही. तिच्याजवळ दुसऱ्या कामांचा पैसा असतो, ती थांबू शकते. म्हणूनच तर ती टिकते. वाटपाची ही पद्धत सेवा करण्याची ताकद जोखतच नाही. ती थांबण्याची ताकद जोखते. आणि थांबण्याची ताकद गरिबांजवळच्या संस्थेत सर्वांत कमी असते, हे सांगावयास मॅट्रिकसुद्धा व्हावे लागत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मदतनीस बाईंनी कानातली गहाण टाकली. मला म्हणाल्या, "बाई, म्युन्सिपाल्टीला आपण चार महिने उसने दिलेत. व्याज नको, मुद्दल तरी मागा की!" मी हसले, आणि घरी जाऊन रडले. कारण त्या निरक्षर बाईने जे ओळखले होते, ते मी चार कादंबऱ्या लिहून ओळखले नव्हते. आम्ही त्या पैशाला 'अनुदान' म्हणतो. त्या शब्दाच्या पोटात दान आहे, आणि दान म्हटले की घेणाऱ्याने मान खाली घालावी, देणाऱ्याने सवडीने द्यावे. मदतनीस बाईंनी त्याला देणे म्हटले. काम होऊन गेले आहे, मुले शिकून गेली आहेत. आता उरले ते देणे. नोंदणीकृत लहान कारखानदाराने पालिकेला नळाच्या तोट्या पुरविल्या, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे चुकते करावे लागतात; नाही तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज चढते. तोटीला मुदत आहे. मूल सांभाळणाऱ्या बाईला फक्त मानधन आहे, ज्यात मानही नाही आणि धनही नाही.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. महाराष्ट्रातील महापालिकांच्या 1949 च्या अधिनियमात दोन याद्या आहेत: कलम 63 मध्ये पालिकेने केलीच पाहिजेत अशी कामे, आणि कलम 66 मध्ये वाटल्यास करावयाची. गटारे पहिल्या यादीत. दुर्बल, असाध्य आजारी, अंध, मूकबधिर यांच्यासाठी संस्था चालविणे दुसऱ्या यादीत. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषय बाराव्या अनुसूचीत आणून बसविला खरा. पण कचेरीतल्या मनातून 'वाटल्यास' हा शब्द गेलेला नाही. मुंबईचेच पाहा. शहरी बेघरांच्या योजनेचे प्रमाण होते, लाख लोकवस्तीमागे शंभर जणांचा एक निवारा. 2011 च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची वस्ती एक कोटी चोवीस लाख. म्हणजे निवारे हवेत सव्वाशेच्या घरात. तेवढे कधीच उभे राहिले नाहीत. आणि 2025-26 साली त्याच महापालिकेचा अर्थसंकल्प होता 74,427 कोटी रुपयांचा! तिजोरी रिती आहे, ही सबब निदान तिथे तरी चालावयाची नाही.

जोतीराव फुले 1876 ते 1882 या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या, असे सांगून त्यांनी एकट्याने विरोधी मत दिले. मंडईच्या इमारतीवरील खर्चालाही त्यांचा विरोध होता. आज त्याच मंडईला त्यांचे नाव आहे. माणसाचे म्हणणे गाडावयाचे आणि त्यावर त्याच्याच नावाची पाटी लावावयाची, ही कला आपल्याला चांगली साधली आहे!

कोणी म्हणेल, "बाई, बोगस संस्था काय थोड्या आहेत? कागद नको, हिशेब नको, तर लूट होईल." आहेत, पुष्कळ आहेत, मी त्यांना आमच्या अधिकाऱ्यांहून जवळून ओळखते. पण त्या कागदाने पकडल्या जातात, हे मात्र खोटे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. कागदावर असलेली आणि वर्गात नसलेली मुले ढिगाने सापडली. त्या शाळांचे कागद अपुरे नव्हते. मुले अपुरी होती. सापडली ती कोणीतरी वर्गात जाऊन डोकी मोजली म्हणून. चोराचे कागद नेहमीच चोख असतात; त्याला दुसरे काम काय असते?

आणि नगरसेवकांच्या शिफारशीचे जुने दिवस बरे होते, असेही मी म्हणत नाही. तेव्हा चिठ्ठी लागे. मग बहुतेक महापालिकांवर 2022 पासून, काहींवर त्याही आधीपासून, प्रशासक बसले. चिठ्ठी देणारा गेला, पण सभागृहात उठून प्रश्न विचारणाराही गेला. जानेवारी 2026 मध्ये राज्यातील एकोणतीस महापालिकांसाठी मतदान झाले. सभागृहांत पुन्हा माणसे आली आहेत. माझे हे लिहिणे त्यांच्यासाठी आहे.

मागणे थोडे आहे. बाई आणि मदतनीस यांचे वेतन पालिकेने ठरवावे, ते निविदेत उतरवू नये. स्पर्धा व्हावी ती कामाची. पहिल्या तिमाहीचे पैसे एप्रिलमध्ये आगाऊ द्यावेत, आणि उशीर झाल्यास तोटीवाल्याला मिळते तसे व्याज द्यावे. कोणत्या संस्थेला, कशासाठी, किती आणि कोणत्या तारखेला दिले, याची यादी प्रत्येक प्रभाग कार्यालयाच्या दारावर मराठीत लावावी. आणि तपासनिसाने महिन्यातून एकदा, न कळविता, प्रत्यक्ष खोलीत यावे.

आमच्या खोलीत तो आला, तर त्याला सव्वीस मुले दिसतील. फळ्यावरची चीर दिसेल. मदतनीस बाईंचे मोकळे कान दिसतील. तेही त्याने आपल्या वहीत लिहून घ्यावेत. कारण ती या शहराच्या देण्याची नोंद आहे, आणि ती अजून कोणत्याही ताळेबंदात आलेली नाही.