बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलंय? मग 28 दिवसांचा आकडा दाखवा



ऑक्टोबर छाटणी झाली, फवारण्या सुरू झाल्या की दुकानात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. स्टिकर असो, स्प्रेडर असो, टाकी धुवायचं लिक्विड असो नाहीतर बांधावरचं तणनाशक. "दादा, बिनधास्त मारा. बायोडिग्रेडेबल आहे, पाण्यात गेलं तरी विरघळून जातंय."

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या बाटलीवर हा शब्द आहे, पण चाचणी कोणती, दिवस किती आणि टक्के किती हे नाही, त्या बाटलीवरचा तो शब्द म्हणजे नुसती जाहिरात. आणि ती जाहिरात आपल्या सल्लागार मंडळींनी फुकटात करू नये.

आधी एक घोळ मिटवू. विरघळणं वेगळं, विघटन वेगळं. मीठ पाण्यात विरघळतं, पण जातं का कुठं? पाणी आटलं की तळाला तेवढंच मीठ. खारवट बोअरवाल्या सोलापूरकराला हे सांगायची गरज नाही. विघटन म्हणजे जिवाणूंनी ते रसायन खाल्लं आणि त्याचं पाणी, कार्बन डायऑक्साइड, क्षार आणि जिवाणूंचं स्वतःचं शरीर झालं. डोळ्याला पाणी नितळ दिसलं म्हणून ते झालं असं होत नाही.

हे मोजायची पद्धत ठरलेली आहे. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 301 क्रमांकाची चाचणी. 1981 पासून आहे, 1992 मध्ये सुधारली. खनिज क्षार घातलेलं पाणी घ्यायचं, त्यात ते रसायन टाकायचं. खायला दुसरं काहीच नाही. त्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातल्या गाळातले थोडे जिवाणू सोडायचे. ते या रसायनाला आधी सरावलेले नसावेत. मग साधारण 22 अंशाला, अंधारात, 28 दिवस. जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला किंवा किती कार्बन डायऑक्साइड सोडला, हे मोजायचं. सगळं रसायन जळलं असतं तर जेवढा आकडा आला असता, त्याच्या 60 टक्के गाठले तर पास. उरलेला बराचसा भाग जिवाणूंच्या वाढीत जातो, म्हणून रेघ 100 वर नाही. पाण्यातला विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजला तर रेघ 70 ची.

अजून एक अट. विघटन 10 टक्क्यांवर पोचलं की तिथून 10 दिवसांत ही रेघ ओलांडायची. शेजारच्या बाटलीत सोडियम बेंझोएटसारखा सहज कुजणारा पदार्थ ठेवतात. तो 14 दिवसांत पास झाला नाही तर जिवाणूच मेलेले समजून सगळी चाचणी बाद.

इतकी साधी, इतकी कडक परीक्षा आहे. मग मार्कलिस्ट दाखवायला लाज कसली?

लाज वाटण्यासारखं कधी कधी असतं, म्हणून. ग्लायफोसेटवाल्या राउंडअपचं उदाहरण घ्या. फ्रान्समध्ये त्याच्या जाहिरातीत ‘बायोडिग्रेडेबल’ आणि ‘जमीन स्वच्छ राहते’ असं म्हटलं होतं. तिथल्या खटल्यात कंपनीच्याच अभ्यासातला आकडा पुढं आला: 28 दिवसांत फक्त 2 टक्के. 2007 मध्ये लियों शहरातल्या कोर्टानं दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून मोन्सँटोला 15,000 युरो दंड केला. 2009 मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टानं तो कायम केला. त्याच्याही आधी, 1996 मध्ये, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात याच शब्दावरून कंपनीला जाहिरात मागं घ्यावी लागली होती. तिकडं या एका शब्दाला कोर्टात जाब विचारला जातो. आपल्याकडं तो काउंटरवर तोंडी वाटला जातो.

आता कोणी म्हणेल, "नापास म्हणजे विषच का?" नाही. परीक्षा मुद्दाम अवघड ठेवली आहे. जो पास होतो तो पाण्यात लवकर संपेल असं धरायला हरकत नाही. जो नापास होतो त्याची पुढची, जास्त वेळाची चाचणी घ्यायची. ग्लायफोसेटही जमिनीत जिवाणू तोडतातच. पण तोडताना एएमपीए नावाचा तुकडा उरतो आणि तो मूळ औषधापेक्षा जास्त टिकतो. मूळ रेणू दिसेनासा झाला म्हणजे काम संपलं, असं नसतं.

आणि पास म्हणजे निरुपद्रवी का? तेही नाही. हा तर साखर कारखान्यांचा जिल्हा. मळीतली साखर जिवाणूंना आवडती, सहज कुजणारी. तीच मळी ओढ्यात सोडा, जिवाणू तिच्यावर तुटून पडतील, पाण्यातला ऑक्सिजन संपवतील आणि मासे वर तरंगतील.

शिवाय परीक्षेतल्या बाटलीत ऑक्सिजन भरपूर, तापमान 22. आपलं शेततळं मे महिन्यात कसं असतं? खाली प्लास्टिकचा कागद, तळाला गाळ, आणि पाणी आटत जाईल तसं उरलेलं सगळं घट्ट. उजनीत तर पुणे-पिंपरीचं सांडपाणी भीमेतून आधीच येतंय, तिथल्या ऑक्सिजनवर आणखी किती ओझं टाकायचं? ऊन पाण्यात जिवाणू जोरात काम करतात हे खरं, पण ऑक्सिजन कमी विरघळतो हेही खरं. आपल्या देशानं सांडपाण्याची बीओडी चाचणी 20 अंश, 5 दिवसांवरून 27 अंश, 3 दिवसांवर आणली, कारण इथलं पाणी युरोपासारखं थंड नाही. मग औषधाच्या बाबतीत तिकडचा आकडा आहे तसा इथं चिकटवून कसं चालेल? आणि इथं तर तोही आकडा देत नाहीत.

कृषी पदवीधर मित्रांना विनंती. काढणीपूर्व कालावधी, जमिनीतलं अर्धायुष्य आणि पाण्यातलं विघटन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. द्राक्षाचा रेसिड्यू रिपोर्ट कोरा आला म्हणून विहिरीचं पाणी पास होत नाही. प्रयोगशाळेनं फक्त मणी तपासले, विहीर नाही.

तेव्हा या हंगामात दुकानात उभं राहून चार गोष्टी विचारा:

1. चाचणी कोणती? 301 च्या ए ते एफ अशा सहा पद्धती आहेत, त्यातली कोणती?
2. 28 दिवसांत किती टक्के?
3. हा आकडा बाटलीतल्या कोणत्या घटकाचा? चाचणी मुळात एकेका शुद्ध रसायनासाठी आहे, बाटलीत मिश्रण असतं. एक घटक पास झाला म्हणून अख्खी बाटली पास होत नाही.
4. तुटल्यावर मागं काय उरतं?

उत्तरं लेखी मागा. सुरक्षा माहितीपत्रक मागा. त्यात पर्यावरणाच्या भागात हे असायला पाहिजे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं छापलेलं असेल तर ‘बायोडिग्रेडेबल’ शब्द कुठून आला, हेही विचारा.

तोवर ब्लोअरची टाकी विहिरीच्या काठावर, कॅनॉलवर, ओढ्यात धुऊ नका. धुतलेलं पाणी त्याच बागेत फवारून संपवा. लेबलवरच्या एका शब्दाच्या भरवशावर गावाचं पाणी सोडायचं नसतं.