पहिला प्रवर्धक

चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान उतरू लागले, की आमच्या वर्गातील मुलांच्या माना आपोआप खिडकीकडे वळतात. त्याबद्दल आम्ही त्यांस रागावत नाही. मात्र वैमानिकाचे बोलणे खालच्या मनोऱ्यात ऐकू येते कसे, असे क्वचितच कोणी विचारतो, ह्याचा आम्हांस खेद वाटतो.

अवकाशातून येणारी रेडिओलहर अतिशय क्षीण असते. तिला सबळ करणाऱ्या विद्युन्मंडलास प्रवर्धक म्हणतात. आजच्या मोबाईलमध्ये हे काम सिलिकॉनच्या चिपवरील ट्रान्झिस्टर करतात. परंतु लहरीची कंपने सेकंदास अब्जावधी झाली, म्हणजे भेगाळलेल्या पाटातून पाणी जिरावे, तशी तिची शक्ती चिपच्या तळात जिरू लागते. म्हणून तळावर ऑक्साइडचा निरोधक थर देऊन त्यावर सिलिकॉनचा पातळ पापुद्रा ठेवण्याची युक्ती निघाली. गळती कमी झाली खरी; पण हा थर सिलिकॉनच्या मानाने सुमारे शतांशानेच उष्णता वाहून नेतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर तापतो. एक दोष घालवावा, तो दुसरा उभा राहतो. त्यांचा मेळ घालणे हीच आराखडा करणाराची खरी परीक्षा होय. आणि ती पाठांतराने उत्तीर्ण होता येत नाही.

‘चिपा परदेशात होतात, आमच्या मुलाने हे शिकून काय करावे?’ असे काही पालक म्हणतील. त्यांनी जुन्नर तालुक्यातील खोडदची रेडिओ दुर्बीण अवश्य पाहावी. गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी ह्यांनी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पोलादी तारांच्या जाळीने बांधून खर्च आटोक्यात ठेवला. दूरच्या दीर्घिकांकडून येणारी लहर केबलमध्ये आणखी क्षीण होऊ नये, म्हणून पहिला प्रवर्धक वर तबकडीच्या नाभीपाशीच बसविला आहे.

पहिल्याचीच एवढी काळजी का? हॅराल्ड फ्रीस ह्यांनी १९४४ साली गणिताने दाखविले, की साखळीतील पहिल्या प्रवर्धकाने मिसळलेला गोंगाट पुढचा प्रत्येक प्रवर्धक मोठा करीत जातो. उलट, पहिला स्वच्छ व सबळ असेल, तर पुढच्यांचे दोष फारसे बाधत नाहीत.

शिक्षणाचेही असेच नव्हे काय? अकरावी-बारावीच्या शिकवणीसाठी पालक कर्ज काढतात. पाचवी-सहावीतल्या मुलाने ‘असे का?’ म्हणून विचारले, तर त्यास गप्प बसवितात. आरंभीच मिसळलेले अज्ञान मग पुढची शिकवणी मोठे करून दाखविते, एवढेच.

आमची विनंती लहानशी आहे. शाळा सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाने व मुलीने एका ट्रान्झिस्टरचा प्रवर्धक स्वतःच्या हाताने जोडावा. तो पहिल्या खेपेस बहुधा बोलणार नाही. तेव्हा पालकांनी रागावू नये; चूक कोठे झाली, ते शोधण्यास शेजारी बसावे.