पहिली कापणी

उसरला गेल कंपनीचा पॉलिप्रोपिलीन प्रकल्प आहे, वर्षाला पाच लाख टन क्षमतेचा. एवढ्या मोठ्या प्रकल्पांत प्लास्टिकचा दाणा पाण्याखालीच कापतात. डायच्या तोंडाशी पाती फिरतात, दाणा तिथल्या तिथे थिजतो. तिथे माल कोरा, एकजिनसी. उसरपासून जवळच, नागावच्या सुरूच्या बनापुढे पावसाळ्यात समुद्र जो माल आणून टाकतो तो असा नसतो. फाटकी जाळी, दोर, बोया, सगळे वाळूत लडबडलेले. त्यातून दाणा काढू पाहणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहोत.

मशीन घ्यायला निघालेला माणूस एक्स्ट्रूडरचा व्यास विचारतो, ताशी किलो विचारतो. पात्याचे पोलाद कोणते, हे क्वचितच. जाळ्यांच्या धंद्यात नफातोटा एक्स्ट्रूडरच्या पुष्कळ आधी ठरतो, असे आमचे मत आहे. अख्खे जाळे श्रेडरमध्ये टाकले की ते रोटरला गुंडाळते, आणि मग मशीन बंद करून सुरीने सोडवत बसावे लागते. म्हणून आधी शिशाची वजने काढायची, गिलोटिनवर हातभर तुकडे करायचे, मगच पुढे.

वाळूचे दुखणे गाठीत असते. धुतलेले म्हणून आलेले जाळे पांढऱ्या घमेल्यात झटकून बघा, तळाशी काळसर थर बसतो. वाळूतला गारेचा कण पात्याच्या पोलादाहून कठीण. कापल्याशिवाय गाठ मोकळी होत नाही आणि न धुता कापले तर धार जाते. तेव्हा एकदा आधी खंगाळणे, एकदा कापल्यावर नीट धुणे, याला पळवाट नाही. बारीक जाळ्याचा तंतू पाव मिलिमीटरच्या आसपास असतो. स्थिर आणि फिरत्या पात्यांतली फट त्याहून वाढली की तंतू दुमडून निसटतो, माल तापतो, बुरा वाढतो. फीलर गेज ड्रॉवरमध्ये ठेवायची वस्तू नव्हे.

तुकडे झाले की पाण्याची टाकी निवड करून देते: १.१४ घनतेचे नायलॉन बुडते, एचडीपीई आणि पीपी तरंगतात. इथे आळस केला तर १३० अंशांना वितळणाऱ्या एचडीपीईत २२० अंशांचे नायलॉन न वितळता राहते, एक्स्ट्रूडरची जाळी चोंदते, तार तुटत राहते. आणि दोष जातो कटरवाल्याला! नायलॉन वेगळे काढले तरी वाळवल्याशिवाय लावू नये, दाण्यात बुडबुडे धरतात.

आणि सांडलेला दाणा. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडाले आणि त्यावरचे दाणे तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यापर्यंत पसरले. ते जहाज होते, म्हणून बातमी झाली. कटरखालचा दाणा पाण्याच्या पाइपाने गटारात ढकलतात, त्याची होत नाही. कटरखाली ट्रे, गटाराच्या तोंडाला बारीक जाळी आणि ओल्याऐवजी कोरडा झाडू, एवढे या महिन्यात करून घ्यावे. खर्च पात्यांच्या एका जोडीहून कमीच येईल.