पानं तर उरल्यात!



आमच्या वस्तीच्या विहारात वर्षावासात 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. आषाढी पौर्णिमेला सुरुवात, अश्विन पौर्णिमेला सांगता. मागच्या वर्षी सांगतेच्या दिवशी वाचनाची पाळी आमची होती. बाहेर खिरीचे पातेले उतरले होते, पाहुणे वक्ते घड्याळाकडे पाहत होते. आठवा खंड संपला आणि आम्ही ग्रंथ मिटला.

पुढे बसणाऱ्या एका आजींना अक्षरओळख नाही, पण तीन महिन्यांत त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. त्या म्हणाल्या, "दादा, पानं तर उरल्यात. त्यात काय हाय?"

आम्ही म्हणालो, "समारोप आहे आजी. तसं काही विशेष नाही."

त्या रात्री आमच्या डोळ्याला डोळा लागला नाही. कारण आम्ही खोटे बोललो होतो. ती पाने आम्ही स्वतःच कधी नीट वाचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाचली. त्या समारोपाचे तीन भाग आहेत. पहिल्यात बुद्धाच्या थोरवीविषयी विद्वानांचे अभिप्राय आहेत. दुसऱ्यात धम्माच्या प्रसाराची प्रतिज्ञा आहे. तिसऱ्यात बुद्धाने आपल्या जन्मभूमीत परत यावे अशी प्रार्थना आहे. 'प्रार्थना' या शब्दाला आमचे काही मित्र नाक मुरडतात. पण बुद्ध हा मोक्षदाता नव्हे, मार्गदाता आहे, हे याच ग्रंथात बाबासाहेबांनी आधी स्पष्ट केले आहे. तेव्हा इथे देवाकडे मागणे नाही. ज्या भूमीत धम्म जन्मला आणि जिथून तो नाहीसा झाला, तिथे तो पुन्हा यावा ही तळमळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे घडले, ते डोळ्यांपुढे ठेवून ही पाने वाचावीत. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि ग्रंथ निघाला १९५७ मध्ये. छापील प्रत त्यांनी पाहिली नाही. आणि आम्ही खिरीच्या घाईत नेमकी तीच पाने गाळली!

पुस्तकाची मागची बाजू म्हणजे उरलेसुरले, असा आपल्यात एक समज आहे. हिशेबाच्या कामात आयुष्य गेल्याने आम्हाला तो पटायला नको होता. ताळेबंदाचे आकडे वरती असतात, पण खरी गोम खालच्या टिपांत असते.

'जातिप्रथेचे निर्मूलन' घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने अधिवेशन रद्द केले, तेव्हा १९३६ साली बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय करावे? ती टीका परिशिष्ट म्हणून आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापाठोपाठ आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे आपल्या घरात, आपल्या खर्चाने! कचेरीत कोणी म्हणाले की तुम्ही लोक एकच बाजू वाचता, तर वाद घालत बसू नका. मागची पाने उघडून पुढे ठेवा. मात्र त्याआधी ती आपण वाचलेली असावीत.

आणखी एक. बाबासाहेबांनी धम्मग्रंथात मूळ आधार जागोजागी दिले नव्हते. 'हे कुठल्या सुत्तातले?' असे कोणी विचारले की आपली माणसे गप्प बसत. महाराष्ट्र शासनाने या ग्रंथाला १९९५ मध्ये जी पुरवणी काढली, तिच्यात पाली व इतर आधार आहेत आणि सूचीही आहे. विहाराच्या कपाटात ग्रंथाशेजारी ती पुरवणी असली, तर दहावी-बारावीची मुलेही उत्तर शोधून काढतील. सूची कशी पाहायची एवढे मात्र त्यांना एकदा शेजारी बसवून दाखवावे लागते.

यंदा सांगतेच्या दिवशी आम्ही भाषण एकच ठेवले आणि समारोप वाचायला नववीतल्या एका मुलीला बसवले. तिला पाने आठवडाभर आधी दिली होती, तरी विद्वानांच्या नावांना ती दोनदा अडखळली. प्रतिज्ञा मात्र खणखणीत वाचली. वाचून झाल्यावर आजी उठल्या, ग्रंथ हातात घेतला आणि शेवटचे पान उलटून पाहिले. पलीकडे नुसता पुठ्ठा होता.

"आता संपलं," त्या म्हणाल्या आणि खीर वाढायला गेल्या.