चाकूला घसारा हवा

आमच्या साडूंच्या मते जगात माणसांचे दोनच प्रकार आहेत. चाकू विकत घेणारी माणसे आणि चाकू घडवून घेणारी माणसे. पहिल्या प्रकारात मी, माझे वडील, कोपऱ्यावरचा पेरूवाला, आमच्याकडे येणारा वायरमन असा बहुतेक सगळा महाराष्ट्र मोडतो. दुसऱ्या प्रकारात साडू मोडतात. ते जवळजवळ एकटेच असल्यामुळे तो प्रकार अर्थातच श्रेष्ठ. आमची लग्ने एकाच घरातल्या दोन बहिणींशी झाली, एवढ्या एका योगायोगावर त्यांनी गेली सोळा वर्षे मला सुधारण्याची जबाबदारी अंगावर घेतली आहे. घड्याळ झाले, चहा झाला, गादी झाली. आता चाकू.

वाचकहो, हा लेख मी रागाने लिहितो आहे. घरात शांतता राहावी म्हणून जे जेवणाच्या पानावर बोलता आले नाही, ते इथे बोलून घेतो.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक घडीचा चाकू होता. पिवळट मूठ, दोन पितळी खिळे आणि एकच पाते. कोणत्या कारखान्याचा ते पात्यावर कधीतरी कोरलेले असणार, पण मला वाचता येऊ लागले तोवर ते पुसून गेले होते. शिसपेन्सिलीला टोक, पार्सलची सुतळी, एस. टी. च्या थांब्यावरची काकडी, आकाशकंदिलाच्या कामट्या, सगळे त्या एका पात्यावर चालायचे. सायकलवर सहाणेचे चाक घेऊन धारवाला गल्लीत आला की अण्णा चाकू घेऊन खाली उतरत. असे करता करता पाते मूळच्या निम्मे उरले. शेवटी एका उन्हाळ्यात माझ्याच हातून त्याची स्प्रिंग तुटली आणि पात्याने मान टाकली. अण्णा तोवर गेलेले होते. चाकू वापरता येईना आणि टाकवेना. मी तो कपाटात ठेवला आणि नवा घ्यायचे ठरवले. चूक एवढीच झाली की हे साडूंच्या देखत ठरवले.

"तयार घेणार?" साडू दचकले. "अहो, चाकू म्हणजे काय दात घासायचा ब्रश आहे? घडवून घ्या. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. वर्षाला मोजकेच करतो."

"किती दिवसांत देईल?"

"दिवसांत!" साडूंनी माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. "दीड वर्ष. आणि अडतीस हजार. निम्मे आगाऊ."

"मग दीड वर्ष पेरू कशाने कापू?"

"पेरू!" साडू म्हणाले आणि बायकोकडे वळले. सौ. विळीवर दोडके चिरत होती. चाळीस वर्षे माहेरी आणि त्यानंतर सासरी तीच विळी असल्याच्या थाटात ती म्हणाली, "अहो, चाकू वापरायला घ्यायचाय की ठेवायला, ते आधी ठरवा."

एवढे साधे वाक्य, पण अख्ख्या वादाचा निकाल त्यात आहे. पुढचे सगळे त्यावरचे भाष्य समजा.

चाकू घडवून घ्यायचा म्हणजे आधी एक प्रश्नावली असते. आमच्या बँकेत घरासाठी कर्ज मागणाऱ्यालाही इतके विचारत नाहीत. पोलाद कोणते? रॉकवेलच्या मापाने कडकपणा किती? उघडलेले पाते अडवायला लायनर लॉक हवे की आणखी काही? मूठ टायटॅनियमची की शिसवीची? मी साडूंना विचारले, पोलाद जास्त कडक घेतले तर काय होते? म्हणाले, धार टिकते. खरे आहे. पण पोलाद जितके कडक, तितकी त्याला पुन्हा धार लावणे जिकिरीचे, आणि दणका बसला तर वाकण्याऐवजी पात्याचा टवका उडण्याची धास्ती. आमच्या गल्लीतला धारवाला ज्या चाकूपुढे हात जोडेल, तो चाकू मी खिशात घालून काय करू?

आता या पंथाचे जे थोर पुरुष मानतात, त्यांचीच गोष्ट बघा. अमेरिकेत बॉब लव्हलेस नावाचे चाकू घडवणारे होऊन गेले. २०१० साली वारले. हाताने चाकू घडवणाऱ्यांत त्यांचे नाव फार मोठे. हा मनुष्य जहाजावर नोकरीला होता. १९५३ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात तो रँडलचा नामांकित हातघडणीचा चाकू घ्यायला गेला. दुकानदाराने सांगितले, नऊ महिने थांबावे लागेल. हा भडकला, आणि मोडीतल्या मोटारीच्या स्प्रिंगचा स्वतःच चाकू करून मोकळा झाला. म्हणजे घडवलेल्या चाकूंचा हा महर्षी जन्मला तो 'थांबणार नाही' या रागातून! आणि पुढे त्याच्याच चाकूसाठी लोक वर्षानुवर्षे थांबले. साडूंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, "बघा, थांबण्यालाच किंमत आहे." यावर काय बोलणार? आमच्या काउंटरसमोरच्या रांगेला हे तत्त्वज्ञान पटले असते तर माझा रक्तदाब आज कमी असता.

आता दुसरी गोष्ट. स्वित्झर्लंडमध्ये इबाख नावाच्या गावी कार्ल एल्सनर याने १८८४ साली चाकूचा कारखाना काढला. तोही हाडाचा कारागीरच. पण त्याला एका धनिकासाठी एक चाकू करायचा नव्हता. स्विस सैनिकांचे चाकू जर्मनीतून, झोलिंगेनहून येतात, ते आपल्याकडे का होऊ नयेत, ही त्याची तळमळ. १८९१ साली त्याने सैन्याला पहिले चाकू पुरवले. एक पाते, एक टोच्या, डबा फोडायचे हत्यार आणि बंदूक उघडायला स्क्रूड्रायव्हर. १८९७ साली त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात दोनच स्प्रिंगांवर दोन्ही बाजूंची सहा हत्यारे बसवली. पुढे ज्याला जगाने स्विस चाकू म्हणून खिशात घातले, तो हा. एकच स्प्रिंग दोन बाजूंना राबवणे ही काय कमी प्रतीची कारागिरी झाली? ती एका चाकूत केली तर कला, आणि लाख चाकूंत केली तर कारखाना, हा कुठला न्याय?

फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतात जोझेफ ओपिनेल याने १८९० साली शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू काढला. त्याची मापे एक ते बारा. पुढे एक नंबर फारच चिमुकला म्हणून, आणि अकरा नंबर दहा-बाराच्या मध्ये उगाच घुसलेला म्हणून, दोन्ही बंद केले. मला हा मनुष्य फार आवडतो. आमच्या हेड ऑफिसने फॉर्म छापताना असा विचार एकदा तरी करावा. १९५५ मध्ये त्या चाकूला पात्याच्या बुडाशी एक फिरती कडी बसवली. कडी फिरवली की पाते बोटावर मिटत नाही. बाकी चाकू होता तसाच.

साडूंच्या बाजूनेही बोलायला हवे. नाहीतर ते म्हणतील, बँकवाला एकतर्फी पासबुक भरतो. त्यांचे मुद्दे तीन.

पहिला मुद्दा, घडवलेला चाकू आपल्या हाताच्या मापाचा असतो. यात तथ्य आहे, आणि ते मला माझ्या लेकीने दाखवले. ती डावखुरी. दुकानात एका चाकूचे पाते उघडताना ती रडकुंडीला आली, कारण नखाने पाते ओढायची खाच उजव्या हाताच्या अंगठ्याच्या बाजूला. साडू जिंकल्यासारखे हसले. मी तिथल्या तिथे कबूल केले, की ज्याचा हात चारचौघांपेक्षा वेगळा, त्याने खुशाल घडवून घ्यावा. ती गरज आहे, शौक नव्हे. पण साडूंचा हात माझ्यासारखाच आहे. पाच बोटे, उजवा, आणि हॉटेलचे बिल आले की दोघांचाही खिशाकडे उशिरा जाणारा. शिवाय आता काही कारखाने डावखुऱ्यांसाठीही चाकू काढतात.

दुसरा मुद्दा, पैसा कारागिराच्या हाती जातो. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच साडूंचा मला जास्त राग येतो. कारण हाताने केलेला चाकू म्हणजे अडतीस हजारांचाच असतो, असे कोणी सांगितले? उत्तर प्रदेशातल्या रामपूरला पिढ्यान् पिढ्या कारागीर हाताने चाकू करत आले. साध्या माणसाच्या खिशात बसणारे, दुकानात टांगलेले, दीड वर्ष न थांबवणारे. हिंदी सिनेमाने तो चाकू खलनायकाच्या हाती दिला आणि बिचाऱ्याचे नाव बदनाम केले. २०२३ साली रामपुरात चौकात वीस फुटी चाकूच उभा केला. चाकू मोठा झाला, धंदा लहान झाला. साडूंना कारागिराचा एवढा कळवळा आहे, तर त्यांनी रामपूरचा एक लहानसा घ्यावा की! पण त्याला पितळी पेटी नाही, सहीचे प्रमाणपत्र नाही.

तिसरा मुद्दा, घडवलेल्या चाकूची किंमत वाढते. "तुमच्या चाकूची उद्या निम्मी होईल," साडू म्हणाले, "माझ्याची दुप्पट."

इथे मात्र त्यांनी बी. कॉम. झालेल्या माणसाच्या शेपटीवर पाय दिला. कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला. जी वस्तू वापरतो ती झिजते, म्हणून दरवर्षी तिची किंमत थोडी कमी धरायची. म्हणजे घसारा हा वस्तू कामाला आल्याचा पुरावा आहे. ज्या चाकूला घसाराच नाही, तो चाकू नव्हे, ती मुदतठेव. अण्णांचे पाते निम्मे झाले होते, म्हणजे उरलेले निम्मे आमच्या घरात कुठेकुठे मुरले होते. काही पेन्सिलीत, काही काकडीत, काही कंदिलात. ही जमा कोणत्या खात्यावर दाखवायची, साडूभाऊ?

आणि साडूंचा चाकू? त्यांच्याकडे आधीच एक आहे. मे महिन्यात आम्ही सगळे कोकणात गेलो होतो. मुलांनी कैऱ्या पाडल्या. मी म्हटले, "काढा तुमचा चाकू." साडूंनी खिसा घट्ट धरला. "कैरी नको. आंबटाने या पोलादावर डाग पडतो." तिखटमीठ तयार, मुले तोंडाला पाणी सुटून उभी, आणि अडतीस हजारांचे पाते खिशात सोवळ्यात! शेवटी कैरी दगडावर फोडली. त्याच चाकूने पुढे विमानतळावर त्यांचे विमान चुकवले. चाकू हातातल्या सामानात चालत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्याकडे असता तर मी डब्यात टाकून पुढे गेलो असतो. साडूंना ते जमेना. ते चाकू घेऊन माघारी फिरले, आणि विमान त्यांच्याशिवाय गेले. तिकिटाचे पैसे चाकूच्या वाढत्या किमतीत त्यांनी कसे धरले, ते मी अजून विचारलेले नाही.

मी शेवटी बाजारात गेलो आणि कडीवाला, लाकडी मुठीचा, तयार चाकू घेतला. कडी कोणत्याही हाताने फिरते. पाते ओढायच्या खाचेशी लेक अजून थोडी झगडते, पण आठवड्याभरात तिने तिची युक्ती काढली. मुठीला एव्हाना फणसाचा चीक लागला आहे, पाते काळसर झाले आहे, आणि पेपरवाल्यापासून शेजारच्या आजींपर्यंत सगळे तो मागून नेतात. एकदा तो दोन दिवस सापडला नाही. मला झोप लागली. साडूंना लागली असती?

परवा साडूंकडे गेलो होतो. त्यांचा दुसरा चाकू, दीड वर्षाचा एकोणीस महिने होऊन, नुकताच आला होता. खोके टेबलावर. त्यावर चिकटपट्टीचे पाच वेढे. साडू नखाने खरवडत होते, दाताने ओढत होते. पहिला चाकू तेल लावून लॉकरमध्ये. वहिनींनी सुरी द्यायला नकार दिला, चिकटपट्टीने खराब होते म्हणून.

शेवटी साडूंनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला.

"जरा तुमचा चाकू देता का?"

मी दिला. त्यावर घसारा लावून टाकला.